मदत हवी आहे: चामड्याच्या बेल्टच्या कडा गुळगुळीत होत नाहीत, टाकेही वाकडे (इंदूर)

नवशिकी_इंदूर
नमस्कार. घाईत लिहितेय. बाबा महिनाअखेरीस निवृत्त होतायत. त्यांना स्वतःच्या हाताने केलेला बेल्ट द्यायचाय, जमलं तर घड्याळाचा पट्टाही. सामान आणलंय, व्हिडिओ पाहून झालेत, तरी दोन ठिकाणी गाडी अडलीये.
एक, कडा चकाकत नाहीत. पाणी लावून लाकडाने घासलं, मेण लावून घासलं, कापडाने घासलं. फरक शून्य, उलट कड फुलते आणि तंतू सुटतात. दुसरं, टाके समोरून बरे दिसतात पण मागून नागमोडी.
कडेला लावायचं सोल्यूशन इंदुरात कुठे मिळेल एवढंच सांगा. बाहेरून मागवायला वेळ नाही.

मेणदोरा (बडोदा)
चामडं कुठलं? जाडी किती? भोकं कशाने पाडताय? दोरा कुठला? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग उत्तर कशाचं देणार?

रामबागवाला
लेदर बुटांवर पावसाळ्यात बुरशी येते त्यावर माझा अनुभव: ओल्या फडक्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं, उन्हात अजिबात नाही. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवायचे आणि कपाटाचं दार थोडं उघडं. प्लास्टिकच्या पिशवीत तर कधीच घालू नये, आतल्या आत घाम धरतो. दरवर्षी करतो, बूट टिकलेत.

नवशिकी_इंदूर
@मेणदोरा, लेदर आहे, खरं लेदर. कडेचा सुटलेला तंतू जाळून पाहिला, केस जळल्यासारखा वास आला. प्रश्न कडेचा आहे. @रामबागवाला, धन्यवाद, पण बुरशीचा विषय नाही हो.

मेणदोरा (बडोदा)
खरं आहे की खोटं हा प्रश्नच नाही. खऱ्यातही दोन जाती आहेत, वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं आणि क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. एक करा. नवीन पात्याने चामड्याचा तुकडा कापा आणि कापलेल्या कडेकडे उजेडात बघा. वरचा रंग सोडून मधे काय दिसतं? निळसर राखाडी पट्टी आहे का? मग मागच्या खरखरीत बाजूवर पाण्याचा थेंब टाका. लगेच पिऊन गडद होतं का, की तसाच बसतो?

होळकरी
मुली, हे सगळं परदेशी खूळ आहे. आपल्याकडचा मोची रापी, आरी आणि लोखंडी तिपाई एवढ्यावर आयुष्य काढतो. रापीने कापायचं, रापीनेच तासायचं, आरीने शिवायचं. राजवाड्याच्या आसपास बसणाऱ्या कुठल्याही जुन्या कारागिराजवळ दोन दिवस बस, व्हिडिओत मिळणार नाही ते मिळेल. हत्यारं सियागंजात घे. हत्यारांची तयार पेटीबिटी मागवून पैसे घालवू नकोस.

डेक्कन_कट्टा
पेटी मागवा असं मी उलट सांगेन. नवशिक्याला रापीला धार लावणं जमत नाही, आणि बोथट रापी हात कापते. स्टीलची पट्टी आणि कागद कापायचा सरकत्या पात्याचा कटर पुरे, बोथट झालं की पातं मोडून पुढे. पण डायमंड चिझेल (ठोकून ओळीने भोकं पाडायची दातेरी छिन्नी) मात्र हवीच, 4 मिमी अंतराची, एक चार दातांची आणि वळणासाठी एक दोन दातांची. आरीने सरळ रेषेत सारख्या अंतरावर भोकं पाडायला वर्षं जातात.

होळकरी
वर्षं जातात म्हणूनच त्याला कसब म्हणतात. आमच्या आजोबांकडे लग्नात घोड्याचं खोगीर शिवायला माणूस येई. त्याच्याकडे चिझेल नव्हती.

डेक्कन_कट्टा
काका, त्या माणसाला महिनाअखेर नव्हती.

मेणदोरा (बडोदा)
दोघांना विनंती, आधी तिचं उत्तर येऊ द्या. आणि आरीच्या आकड्याने घातलेला टाका वेगळा, दोन सुयांचा वेगळा. आरी खालचा दोरा फासासारखा ओढून घेते, शिलाई मशिनीसारखं. दोन सुयांत दोन्ही टोकं एकाच भोकातून आरपार जातात, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचे जागच्या जागी राहतात. बेल्टला ओढ असते, तिथे हा फरक जाणवतो.

नवशिकी_इंदूर
पाहिलं. कडेत मधोमध निळसर राखाडी रेघ आहे, स्पष्ट दिसते. थेंब मागे टाकला तो तसाच गोळा होऊन बसला, बऱ्याच वेळाने थोडासा मुरला. चामडं सोफ्याचं कापड विकणाऱ्या एका दुकानातून घेतलंय, उरलेला तुकडा, मऊ आहे, छान दिसतो. जाडी साधारण एक मिमी, कदाचित थोडी जास्त. भोकं चार दातांच्या चिझेलने, हातोडी घरातली. दोरा मेणाचा, 0.8 मिमी. आता सांगा सोल्यूशन कुठलं.

मेणदोरा (बडोदा)
तेच म्हणायचं होतं. हे क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमने कमावलेलं आहे, सोफा, जॅकेट, हातमोजे, मऊ पर्स यांचं चामडं. त्याची कड घासून चकाकत नाही, कुठलंही सोल्यूशन लावा. हिरडा, बाभळीची साल, तरवड यांत कमावलेल्या चामड्याचे तंतू ओलसर असताना दाबले, घासले की एकमेकांना चिकटून घट्ट बसतात. क्रोममधले तंतू लवचीक राहतात, पाण्याने उलट सुटतात. हात चुकत नाहीयेत तुमचे, माल वेगळा आहे. आणि एकेरी बेल्टला 3 ते 4 मिमी जाडी लागते. एक मिमीचा सोफ्याचा पट्टा थोड्या दिवसांत लांबेल, बकलच्या जागी तर दोरीसारखा गुंडाळेल.

सराफा_रात्र
इंदुरात चामड्याची खेळणी पाहिली आहेत का कुणी? मृगनयनी या सरकारी हस्तकला दुकानात घोडे, हत्ती, गेंडे असतात. तारेचा सांगाडा, त्यावर कागदा-सुतळीचा भराव आणि वर पातळ चामडं इतकं घट्ट बसवतात की स्नायू उठून दिसतात. इंदूरच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे त्याला. आपल्या शहराची ही गोष्ट लोकांना ठाऊकच नाही याचं फार वाईट वाटतं.

नवशिकी_इंदूर
सुंदर माहिती, पण मला बेल्ट हवाय :) @मेणदोरा, म्हणजे हा तुकडा वाया? आता नवीन कुठून आणू?

डेक्कन_कट्टा
वाया अजिबात नाही. दुकानात मिळणारे बरेचसे बेल्ट असेच असतात. कड उघडी ठेवायचीच नाही, वळवायची. आत कडक गाभा घ्या, साधारण 30 मिमी रुंद. वरचं चामडं त्याहून दोन्ही बाजूंना 12-12 मिमी जास्त कापा. त्या जास्तीच्या भागाला आतल्या बाजूने तासून कागदासारखं पातळ करा, नाहीतर वळवल्यावर कड जाडजूड होते. चिकटवायचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, दहा-पंधरा मिनिटं, मग वळवून हातोडीने हलके ठोका. मागून 28 मिमीची पट्टी डकवून कडेपासून 3 मिमीवर शिवून टाका. घासायचं कामच उरत नाही.

होळकरी
आणि तासायला काय वापरणार? रापी.

डेक्कन_कट्टा
मान्य. तासायला रापीच बरी, फक्त धार मोच्याकडून लावून घ्या.

अहिंसा_परमो
मुळात चामडं कशाला? निवडुंगापासून, अननसाच्या पानांपासून केलेले पर्याय आहेत. वडिलांना प्राण्याच्या कातडीची भेट देण्यापेक्षा कॅनव्हासचा बेल्ट द्या.

होळकरी
त्यातल्या बऱ्याच पर्यायांना वरून प्लास्टिकचा थर असतो, तेही सांगा. आपल्याकडे हे काम चामड्यावरच चालत आलंय.

मेणदोरा (बडोदा)
या चर्चेला वेगळा धागा काढा ना. नवशिकी, वेळ आहे तर एकेरी बेल्टच करा, बाबांना ते जास्त दिवस पुरेल. चामडं मागताना 'व्हेजिटेबल टॅन' (सालींनी कमावलेलं) असं स्पष्ट म्हणा, नाहीतर दुकानदार दिसेल ते देतो. आपल्याकडे ते बहुतेक चौरस फुटावर विकलं जातं, पण बेल्टसाठी पाठीची पट्टी हवी, पाठीच्या कण्याला समांतर कापलेली. पोटाकडचा भाग ताणला जातो. इंदुरात तयार पट्टी नाही मिळाली तर बुटाच्या तळव्याचं चामडं विकणारा शोधा, तेही सालींनीच कमावलेलं असतं. जरा जाड आणि ताठ निघेल, मागून तासून घ्यावं लागेल. परदेशी दुकानांत जाडी औंसात दिसली तर गोंधळू नका, एक औंस म्हणजे साधारण 0.4 मिमी, म्हणजे बेल्टला 8 ते 10 औंस.

सराफा_रात्र
कोल्हापुरी चप्पलचं चामडं असंच सालींचं ना? 2019 मध्ये महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून मानांकन मिळालं. आणि 2025 मध्ये एका इटालियन फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला.

नवशिकी_इंदूर
टाके???

मेणदोरा (बडोदा)
हो, टाके राहिलेच. मागून वाकडे येण्याची नेहमीची तीन कारणं. चिझेल तिरकी धरली जाते, समोरून दात रेषेवर बसतात पण मागे रेषेबाहेर निघतात. समोर उभं राहून, चिझेल काटकोनात धरून ठोका आणि खाली जाड रबर किंवा जुनी पॉलिथीनची पाटी ठेवा. हातोडी लोखंडाची नको, चिझेलचं डोकं पसरतं. लाकडी मोगरी घ्या. दुसरं कारण सुयांचा क्रम. प्रत्येक भोकात एकच सुई आधी गेली पाहिजे, समोरची आधी तर शेवटपर्यंत समोरची. ती गेल्यावर तिचा दोरा थोडा मागे ओढून धरा, म्हणजे दुसरी सुई दोऱ्यातून आरपार जाणार नाही. दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या वरून घालणार की खालून, तेही प्रत्येक टाक्याला सारखंच. क्रम एकदा जरी बदलला तरी मागचा टाका आडवा होतो. तिसरं कारण ओढ: दोन्ही हातांनी सारखी, टाका बसला की थांबायचं. तुमच्या सोफ्याच्या चामड्यात तर भोकं ओढीने लांबतातही. दोरा शिवायच्या लांबीच्या चौपट घ्या. सुया टोकदार असतील तर पॉलिश पेपरवर टोक बोथट करा, भोक चिझेलने पाडलेलंच असतं.

नवशिकी_इंदूर
हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी दर भोकात हाताला येईल ती सुई घालत होते. मोगरी स्वयंपाकघरातली चालेल?

मेणदोरा (बडोदा)
चालेल, पण मग ती परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

नवशिकी_इंदूर
पट्टी मिळाली. तळव्याचं चामडं विकणाऱ्या एका काकांनी पाठीची पट्टी काढून दिली, रुंद 35 मिमी, आणि तिथेच मागून तासूनही दिली. आता साडेतीन मिमीच्या आसपास आहे, रंग फिकट बदामी. थेंब टाकला तर क्षणात पिऊन काळपट झाला. कडेला काय लावू?

रामबागवाला
डिंक कतीरा. सियागंजात कुठल्याही किराण्याच्या ठोक दुकानात मिळेल, उन्हाळ्यात सरबतात घालतात तोच. आमच्या शेजारचे बॅगा शिवणारे हेच वापरतात. चिमूटभर रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी फुगून जेलीसारखा होतो. फडक्यातून गाळून घ्या. फ्रिजमध्ये चार दिवस टिकतो.

मेणदोरा (बडोदा)
उत्तम उपाय! आधी कडेचे दोन्ही कोपरे हलके छाटून घ्या, मग 240, 400, 600 या क्रमाने पॉलिश पेपर. नंतर कड किंचित ओली, कतीऱ्याचा पातळ हात, आणि लाकडी दांड्याने एकाच दिशेने जोरात. कोमट होईपर्यंत. शेवटी मेण.

डेक्कन_कट्टा
माप घेताना पँटीचा आकडा धरू नका, 34 ची पँट म्हणजे 34 चा बेल्ट नव्हे. बाबांचा रोजचा बेल्ट घ्या, बकलच्या दांडीपासून ते वापरतात त्या भोकापर्यंत मोजा. ते तुमचं मधलं भोक. दोन्ही बाजूंना अडीच सेंटीमीटरवर दोन-दोन भोकं. मधल्या भोकापुढे शेपटी 11-12 सेंटीमीटर, बकलकडे वळवायला 7 सेंटीमीटर.

होळकरी
वळवतेस तिथे मागून तास मुली, अर्ध्या जाडीपर्यंत. तेवढ्यासाठी रापी.

नवशिकी_इंदूर
कडा झाल्या! काचेसारख्या नाहीत, पण नख फिरवलं तर कुठे अडकत नाही. टाके मागूनही एका रेषेत आले. होळकरी काका, रापी आणली, धार मोचीदादांकडून लावून घेतली. घड्याळाचा पट्टा नंतर करेन, त्याला 0.6 चा दोरा घ्यावा असं वाचलं.
आता बकलच्या काट्यासाठी जी लांबट फट लागते ती कशी पाडायची? पट्टी एकच आहे, कटर सरकला तर सगळं गेलं.

मेणदोरा (बडोदा)
नुसता कटर फिरवूच नका. गोल पंचने दोन भोकं पाडा, मधे अडीच सेंटीमीटर. मग स्टीलची पट्टी ठेवून दोन भोकांच्या कडा जोडणाऱ्या दोन रेघा कापा. पातं भोकात येऊन आपोआप थांबतं. आधी सोफ्याच्या तुकड्यावर करून बघा, त्याचा उपयोग झालाच.