घरच्या सजावटी, दोनशे रुपयांच्या आत: मापं द्या, आणि कुठे फसतं तेही

गणपती, दसरा, दिवाळी. जमल्यास नाताळ आणि पाडवाही चालेल. अटी तीनच. एका वस्तूवर दोनशेच्या वर खर्च नको (घरात पडलेलं सामान यात धरू नका). माप सेंटीमीटरमध्ये किंवा इंचात द्या, "थोडासा कागद घ्या" असं नको. आणि "आमच्या लहानपणी" नको, त्यासाठी दुसरा धागा काढू. फोटोत सगळ्यांचंच छान दिसतं, म्हणून काय बिघडतं आणि का, ते आवर्जून लिहा. मार्च 2018 पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तेव्हा मखराचे पर्याय आधी येऊ द्यात.

कोथरूड

मखरासाठी फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा खोका. दुकानदाराला आठवडाभर आधी सांगून ठेवा. एक फुटाच्या मूर्तीला आतली उंची दीड फूट आणि रुंदी दोन फूट ठेवा. त्यापेक्षा कमी ठेवलीत तर हार घालताना कोपर कमानीला लागतं.

पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये नळ्यांचा थर असतो, सगळं त्याच्यावर आहे. खांब कापताना नळ्या उभ्या यायला हव्यात. आडव्या आल्या की खांब तिसऱ्या दिवशी कमरेत वाकतो आणि दोष फेव्हिकॉलला जातो. घडीच्या जागी कटर चालवू नका. संपलेलं बॉलपेन पट्टीला धरून दोनदा जोरात ओढा, मग दुमडा, कड सरळ येते. कमानीची पट्टी मात्र अशी कापायची की नळ्या तिच्या लांबीला आडव्या पडतील. मग एका बाजूचा कागद ओल्या फडक्यानं दमट करून सोलायचा. नळ्या उघड्या पडल्या की पट्टी हवी तशी वळते.

रंग देताना बहुतेकांची फसगत होते. एकाच बाजूला पाण्याचा रंग लावला की ती बाजू आधी फुगते, मग वाळताना आकसते, आणि पुठ्ठा पन्हाळीसारखा होतो. म्हणून आधी एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी असं मिश्रण दोन्ही बाजूंना लावा, सपाट ठेवून तासभर वाळवा, मग रात्रभर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली दाबा. रंगासाठी पोस्टर कलरच्या बाटल्या महाग पडतात. घरात उरलेला पांढरा डिस्टेंपर आणि स्टेनरची एक छोटी बाटली यात अख्खं मखर होतं.

मूर्तीचं वजन पुठ्ठ्यावर टाकायचं नाही. मूर्ती चौरंगावर, मखर चौरंगाभोवती. समई मखरापासून फूटभर लांब.

बिबवेवाडी

मागच्या भिंतीसाठी कागदी पंख्यांची चक्रं. 22 × 28 इंची टिंटेड पेपरच्या एका तावातून 10 सेंमी रुंदीच्या आणि 71 सेंमी लांबीच्या पाच पट्ट्या निघतात. एका पट्टीचं एक चक्र, व्यास 20 सेंमी. दीड-दीड सेंटीमीटरच्या मागेपुढे घड्या घाला, टोकं चिकटवा, एक कड मध्याकडे ढकला आणि मागे 5 सेंमीची पुठ्ठ्याची चकती लावा.

हिशेब साधा आहे: पट्टीची लांबी रुंदीच्या निदान सात पट. सहा पटच ठेवली तर बाहेरचा घेर पुरत नाही आणि चक्र सपाट न बसता टोपीसारखं उठतं. मग कितीही डिंक ओता. चकती लावल्यावर वर भरलेला डबा ठेवून अर्धा तास हात लावू नका, घड्यांना उघडायची घाई असते. कार्डशीट घेऊ नका, दहाव्या घडीनंतर ती तडकते आणि पांढरी रेघ दिसते.

कसबा पेठ

डिंकावर इतका खर्च कशाला? मैद्याची खळ करा. तीन मोठे चमचे मैदा अर्धा कप गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. दीड कप पाणी उकळलं की त्यात धार धरून ओता आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत राहा. पांढरट रंग जाऊन चकाकी आली की झाली. गरम पाण्यात कोरडा मैदा टाकलात तर गुठळ्या होणारच, त्या पुन्हा मोडत नाहीत.

कागदाला कागद आणि कागदाला बांबू यासाठी खळच बरी. सावकाश वाळते, त्यामुळे कागद सरकवून नीट बसवता येतो. पुठ्ठ्यावर पुठ्ठा, जिलेटिन आणि सोनेरी कागद यांना ती धरत नाही. भाद्रपदाच्या दमट हवेत दुसऱ्याच दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा, किंवा पाव चमचा तुरटीची पूड घालून फ्रिजमध्ये ठेवा. झुरळं-कसर लागू नये म्हणून पूर्वी खळीत चिमूटभर मोरचूद घालत. ते विष आहे, लहान मुलं काम करणार असतील तर नकोच.

सिंहगड रोड

आकाशकंदील. सहा चौकोनांचा करा. गणित एकदा कळलं की कितीही मोठा करता येतो.

बुरुड आळीतून चिरलेल्या कामट्या आणा, रुंदी 4-5 मिमी. 27 सेंमीचे 24 तुकडे कापा आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांपासून 1 सेंमीवर खूण करा. खुणेवर खूण ठेवून चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधा. दोरा सुती घ्या, नायलॉनची गाठ सरकते. प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब. काचपेपर कामट्यांवर आधीच फिरवून घ्या, नाहीतर कूस कागद फाडते आणि बोटातही जाते.

आता एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवा. त्याच्या चार कोपऱ्यांना एकेक चौकोन शंकरपाळ्यासारखा, कोपऱ्यावर उभा बांधा. शेजारशेजारच्या शंकरपाळ्यांचे आडवे कोपरे एकमेकांना बांधा. वरचे चार कोपरे सहाव्या चौकोनाच्या कोपऱ्यांना. सांगाडा साधारण 35 सेंमी उंच होतो, आणि मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी कामटी लागत नाही.

इथे घाबरायचं नाही. कागद लावेपर्यंत हा सांगाडा लडबडतो, पिळवटतो, कारण नुसता चौकोन कोपऱ्यातून दबतोच. वरच्या आणि खालच्या चौकोनात 37 सेंमीची एकेक कामटी कर्णावर बांधा आणि बाजूच्या चार चौकोनांत दोऱ्याचे दोन्ही कर्ण ताणून घ्या. वाकडा सांगाडा कागदानं सरळ होत नाही, कागदच सुरकुततो.

पतंगाचा कागद घ्या. बाजूच्या चौकोनांना 28 × 28 सेंमीचे चार तुकडे, दीड सेंटीमीटरची पट्टी कामटीवरून आत वळवायची. त्रिकोणांना दुसरा रंग. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच, तिथून गरम हवा जाते. खळ कामटीला लावा, कागदाला नाही. ओला झालेला कागद उचलताना फाटतो. वाळल्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारलात तर पुन्हा वाळताना कागद ढोलासारखा ताणला जातो. मात्र आधी कपट्यावर मारून बघा, काही रंग, विशेषतः लाल, ओघळतात.

दिवा एलईडीचाच, 7 किंवा 9 वॅटचा. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब कागद करपवतो. होल्डर वरच्या कर्णाच्या कामटीला बांधा आणि कंदिलाचं वजन दोरीवर घ्या, वायरवर नाही. वरच्या चारही कोपऱ्यांतून दोऱ्या घेऊन 20 सेंमीवर एकत्र करा. एकाच दोरीवर टांगला की वाऱ्यानं गरगर फिरतो आणि वायरला पीळ बसतो. झिरमिळ्या 2 सेंमी रुंद आणि 60 सेंमी लांब पुरेत, त्याहून लांब केल्या तर त्या वारा धरतात. परतीच्या पावसाचं सावट असेल तर संध्याकाळी लावा, रात्री आत घ्या. जिलेटिन भिजत नाही खरं, पण पतंगाच्या कागदातून येणारा उजेड त्यातून येत नाही.

हडपसर

पडद्याला जुनी साडी. काठ कापू नका. साडीची लांबी साडेपाच मीटर, तीन पदरी घडी केली की पावणेदोन-दोन मीटरचा पडदा सहज होतो. पडद्याच्या दांड्यावर टाका किंवा दोन खिळ्यांत सुतळी ताणा. दुहेरी टेपच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात भिंत ओलसर असते, टेप रात्रीत सुटते, नाही सुटली तर काढताना डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊन येते. साडी फाटकी असेल तर काठ तेवढा काढून बकरमवर शिवा, दाराचं तोरण होतं आणि ते दरवर्षी चालतं.

धनकवडी

किल्ल्यावरच्या हिरवळीसाठी मोहरी नको, अळीव. मोहरी उतारावरून गडगडते. गव्हाचे तृण उशिरा येतात आणि इतके उंच होतात की मावळा जंगलात हरवतो. अळीव भिजला की त्याला बुळबुळीत गर सुटतो आणि उभ्या कड्यालाही चिकटतो. चौरस फुटाला दोन मोठे चमचे पुरतात. अर्धा कप पाण्यात अर्धा तास भिजवा, ओल्या गोणपाटावर चमच्यानं पसरा, एक दिवस ओल्या फडक्यानं झाका. चार-पाच दिवसांत बोटाच्या पेराएवढं हिरवं होतं. वसुबारसेच्या पाच दिवस आधी पेरा. दिवसातून दोनदा फवारा, धार नको, कुजून वास मारतो. उजेड नसेल तर पिवळं पडतं.

खालच्या डोंगराला नुसती काळी माती वापरू नका, वाळताना आकसून तिला भेगा पडतात. निम्मी लाल माती किंवा बारीक वाळू घाला. विटांवर गोणपाट टाकून त्यावर चिखलाचा राप द्यायचा, माती निम्म्याहून कमी लागते.

औंध

पणत्या रात्रभर पाण्यात ठेवा, दिवसभर वाळवा, मग तेल कमी पितात. रंग फक्त बाहेरून, काठाच्या अर्धा सेंटीमीटर खाली थांबा. वात रंगाला टेकली की रंग जळून काजळी धरते. ऑइल पेंट आणि चमकी ज्योतीजवळ अजिबात नको. आणि रांगोळी दाट दिसावी म्हणून तिच्यात मीठ मिसळण्याची टूम आहे, ती सोडा. मीठ हवेतलं पाणी ओढतं, सकाळी खडे होतात.

सदाशिव पेठ

सिंहगड रोडवाल्यांचं सगळं बरोबर, पण कामट्या कोरड्या असतील तर गाठ बांधताना उभ्या चिरतात. तासभर पाण्यात ठेवा. मात्र खळ लावण्याआधी सांगाडा पूर्ण वाळू द्या.

दसऱ्याचं तोरण राहिलं. तीन फुटी दाराला दुहेरी दोरा 45 इंच घ्या, झोळासाठी आणि गाठींसाठी तेवढा लागतो. सुई झेंडूच्या हिरव्या देठाच्या बोंडातून आडवी घाला, पाकळ्यांतून घातली तर दुपारपर्यंत फूल निसटतं. दाभण वापरू नका, बोंड चिरतं. मंडईतून आदल्या दिवशी आणलेली फुलं प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलीत की आत वाफ धरते आणि काळी पडतात. वर्तमानपत्रावर पसरा आणि त्यावर पाणी मारू नका. आंब्याची पानं मात्र ओल्या फडक्यात गुंडाळा, आणि ओवताना दोन पानांमागे एक फूल धरा. फुलांचा भाव दसऱ्याच्या सकाळी काय असतो ते सगळ्यांना ठाऊक आहेच.