घरी 'तूं', कचेरीत 'तुम्ही', देवळात 'आपण': हा शिष्टाचार की दुटप्पीपणा?

पाणंद (फोंडा)
गोव्यात एकच माणूस सकाळी घरी कोंकणी बोलतो, देवळात मराठी अभंग म्हणतो, दुपारी कचेरीत इंग्रजीवर येतो आणि संध्याकाळी पर्यटकाशी हिंदीत बोलतो. शब्दांबरोबर आवाजाची पट्टी, उभं राहणं, हसणंही बदलतं. माझं मत स्पष्ट आहे: हा बदल म्हणजे मुखवटा नव्हे, ऐकणाऱ्याची कदर आहे. 1972 मध्ये ब्लोम आणि गंपर्झ या अभ्यासकांनी नॉर्वेतल्या हेम्नेसबर्गे गावाबद्दल हेच दाखवलं. तिथे कचेरीच्या खिडकीवर घरची विचारपूस बोलीत व्हायची आणि कामाचा विषय निघाला की प्रमाण भाषा सुरू व्हायची. आपल्या पंचायतीत वेगळं काय घडतं? "कशें आसा?" कोंकणीत, आणि दाखल्याची गोष्ट निघाली की 'इन्कम सर्टिफिकेट'.

सांजवेळ (मडगाव)
पाणंद, खिडकीचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. तोच कारकून सुटाबुटातल्या माणसाशी इंग्रजीत 'सर' म्हणतो आणि डोक्यावर पाटी असलेल्या बाईला "कितें जाय गो?" (काय हवं गं?) म्हणून उडवून लावतो. दोघांचं काम एकच. मग बदल प्रसंगाने झाला की कपड्यांनी? कोंकणी बाजारात भाव पाडण्यापुरती, आणि मूल शाळेत घालताना तिची लाज. याला कदर म्हणवत नाही. 1975 च्या कायद्याने मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, घरातून काढण्यापासून संरक्षण दिलं, पण भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, तोंडचा एकतर्फी 'तूं' काही कायद्याने जात नाही.

पाणंद
कपडे बघून पट्टी बदलणं वाईटच, तिथे वाद नाही. पण त्यावर उपाय म्हणून सगळीकडे एकच सूर लावलात तर नुकसान दुसरीकडे होईल. कोंकणीत घरच्या वडीलधाऱ्यांनाही 'तूं' चालतं, त्यात अपमान नसतो. तीच सवय मराठीत आणून पुण्यातल्या अनोळखी अधिकाऱ्याला 'तू' म्हटलं की काम तिथेच अडतं. लिंगाचंही तसंच. कोंकणीत तरुण मुलीबद्दल "तें आयलें" हे साधं वाक्य. मराठी बैठकीत सहकारी बाईबद्दल "ते आलं" म्हटलं तर ती दुखावेल, आणि बोलणाऱ्याला आपलं काय चुकलं हे कळणारही नाही. सूर बदलता न येणं हा प्रामाणिकपणा नव्हे, ती उणीव आहे.

माडाची सावली (म्हापसा)
मी सांजवेळच्या बाजूची, पण थोडी व्यवहाराची भर घालते.

अनोळखी माणसाचं पहिलं वाक्य पूर्ण ऐकावं आणि त्याच भाषेत उत्तर द्यावं. सर्वनाम वरचं धरून सुरुवात करावी. 'तुम्ही'वरून 'तू'वर उतरायला समोरचा स्वतः सुचवतो. उलट, बोलता बोलता 'तू'चं 'तुम्ही' झालं की ते रागाचं लक्षण समजलं जातं, भांडणात तर हमखास. त्याच्या बोलीची नक्कल मात्र करू नये. आपल्याला येत असलेल्या भाषेत जवळ जाणं वेगळं, त्याचे हेल काढणं वेगळं. दुसऱ्यात त्याला थट्टाच ऐकू येते.

मासळीबाजारात "वांटो कितल्याक?" (वाटा केवढ्याला?) विचारणारा आपला ठरतो, हे खरं. पण भाव ठरल्यावर फोनवर इंग्रजीत त्याच बाईबद्दल काहीबाही बोलणारे असतात. तिला इंग्रजी येत नसेलही, आवाजाचा तोरा नक्की कळतो.

सांजवेळ
बाय, हेच माझं म्हणणं. पाणंद, साधी कसोटी लावा: ज्याच्याकडून काही मिळवायचं नाही त्याच्याशी तुमचा सूर कसा असतो? बसच्या वाहकाशी, सफाईवाल्याशी? तिथे 'तूं' आणि साहेबाला 'तुम्ही', तर प्रश्न भाषेचा उरत नाही.

पाणंद
कसोटी मान्य, निष्कर्ष नाही. वाहकाशी कोंकणीतला 'तूं' दोन्ही बाजूंनी असेल तर तो जवळिकीचा. एकाच बाजूने असेल तर दादागिरी. म्हणून शब्द मोजू नका, परतफेड होते का ते बघा. आणि 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा केली, मराठीलाही कामकाजात वाट ठेवली. खिडकीवर भाषा कोणती, हे नागरिकाने ठरवावं, कारकुनाने नव्हे.

माडाची सावली
मग ग्रामसभेचं काय? बोलणं तावातावाने कोंकणीत, इतिवृत्त दुसऱ्या भाषेत. त्यात धार जाते आणि मागणीच बदलते. बोलून झाल्यावर तीच मागणी दोन ओळींत लिहून सचिवाच्या हातात द्या आणि पोच घ्या. तिथे सूर बदलायची जबाबदारी बोलणाऱ्यावर टाकू नका.