समुद्री टँकसाठी पहिला मासा कोणता? बजेट १५०० (फक्त माशाचं)

पुण्याचा_गप्पीवाला:
नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं गप्पी, मॉली झाले, आता खाऱ्या पाण्याचा टँक लावलाय. अडीच फुटी, साधारण ८५ लिटर. आरओचं पाणी, पाकिटातलं मीठ, १० किलो ड्राय रॉक. सायकलसाठी (म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये तयार व्हावेत म्हणून) बायकोच्या नकळत फ्रीजमधली एक कोळंबी टाकली होती, वासावरून पकडलो गेलो. पाच आठवडे झाले. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या खारटपणाचं माप) १.०२५. पाणी थंड करायला चिलर नाही, पंखा आहे. पहिला मासा कोणता घेऊ? मुलगी (वय ६) कार्टूनमधला तो निळा टँगच हवा म्हणून बसलीय.

संजू_ठाणे:
डॅमसेल घे डोळे झाकून. मी १८० ला घेतला होता, चार वर्षं झाली, लाईट गेली, हीटर बिघडला, गावाला गेलो, काही झालं नाही त्याला. टँकमध्ये तो एकटाच आहे आता पण मस्त आहे.

मत्स्यगंधा:
"एकटाच आहे" यातच सगळं आलं ना दादा 😀 माझ्याकडच्या निळ्या डॅमसेलने नंतर आणलेले दोन मासे कोपऱ्यात दाबून दाबून मारले. बाहेर काढायला गेले तर जाळीत येईना, शेवटी सगळे दगड बाहेर, पाणी अर्ध्यावर, रात्रीचे दीड वाजलेले. पहिला मासा म्हणून डॅमसेल अजिबात नको.

बाबा_रीफ:
८५ लिटरमध्ये समुद्री टँक म्हणजे वाटीत खाडी. माझा सहा फुटी आहे, साडेसहाशे लिटर, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बाहेरून मागवलेला, चिलर एक घोड्याचा. आधी टँक मोठा करा मग माशाचं बघू. फोटो टाकतो संध्याकाळी.

पुण्याचा_गप्पीवाला:
काका टँक लावून झालाय हो, वन बीएचके आहे आमचं. फक्त मासा सांगा.

बाबा_रीफ:
मग यलो टँग घ्या. एकच घ्या पण चांगला घ्या.

प्राजक्ता_के:
अडीच फुटात टँग?? पिवळा असो की निळा, पोहायला जागा लागते त्यांना. निळा तर फूटभर होतो. लेकीला सांगा तो मासा मत्स्यालयात बघायचा.

अलिबागचा_पाव्हणा:
पाकिटातलं मीठ कशाला ते कळत नाही मला, आपल्याकडे एवढा समुद्र पडलाय. मी कॅन भरून आणतो, फुकट.

मत्स्यगंधा:
किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ, होड्यांचं डिझेल, पावसाळ्यात तर नद्यांचं पाणी येऊन खारटपणाच उतरतो. आणि पुण्याहून कॅन भरायला जायचं पेट्रोल धरलं तर फुकट कसलं.

अलिबागचा_पाव्हणा:
माझे मासे डिझेल पिऊन धष्टपुष्ट आहेत मग. येताना खडकावरचे कोरलचे तुकडे पण आणतो, छान दिसतात.

प्राजक्ता_के:
ते मात्र करू नका आणि इथे लिहू तर अजिबातच नका. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्यात वाघाच्याच यादीत आहेत.

नागपूरचा_भाऊ:
माशाचं नंतर बोलू भाऊ, आधी सांग एप्रिल-मेमध्ये पाण्याचं टेम्परेचर किती जाते? मी तर दोन उन्हाळे पंख्यावर काढून राहिलो. पंख्यानं दोन-तीन डिग्री उतरते पण पाणी भराभर उडते, अन् मीठ तसंच राहते. उडालेलं पाणी भरताना साधं आरओ टाकजो, मिठाचं नको टाकू. मी मिठाचंच टाकत होतो, ग्रॅव्हिटी पार १.०३२ वर गेली तेव्हा अक्कल आली. मासे गेले ते गेलेच.

कोळीवाडा_बॉय:
१५०० मध्ये पापलेट घ्या, बायको पण खुश 😂

प्राजक्ता_के:
आता मूळ प्रश्नाचं कोणी तरी बोलू द्या. ऑसिलॅरिस क्लाउनची (तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा) जोडी घ्या, हॅचरीत वाढवलेली मागा. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्र सरकारची सागरी मत्स्य संशोधन संस्था) क्लाउनचं प्रजनन केव्हाच जमवलंय. टँकमध्ये जन्मलेला मासा दाण्याला लगेच तोंड लावतो. एक लहान एक मोठा घ्या, क्लाउन जन्मतः सगळे नर असतात, जो वरचढ होतो तो मादी बनतो, म्हणजे जोडी आपोआप जमते. अ‍ॅनिमोनी (क्लाउन ज्यात राहतो तो फुलासारखा समुद्री जीव) लागत नाही, दुकानदार गळ्यात मारेल, घेऊ नका. नव्या टँकमध्ये ती मरते आणि जाताना पाणी सडवून जाते. आणि कुठलाही मासा असो, दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर रंगाला भुलू नका, सरळ घरी या.

संजू_ठाणे:
क्लाउन पण डॅमसेलच्याच खानदानातला आहे म्हणे. म्हणजे माझंच बरोबर.

मत्स्यगंधा:
क्लाउनला +१. दुकानात समोर खायला घालायला लावा, हे महत्त्वाचं. आणि झाकण ठेवा.

प्राजक्ता_के:
मी आत्ता तेच लिहिलं ना ताई.

बाबा_रीफ:
क्लाउन काय सगळेच ठेवतात. (फोटो लोड होत नाहीये.)

पुण्याचा_गप्पीवाला:
अपडेट. सगळ्यांचे आभार. काल क्लाउनच घ्यायला गेलो होतो, खरंच. पण दुकानात खालच्या टँकमध्ये एक पिवळा वॉचमन गोबी बिळाच्या तोंडाशी हनुवटी टेकून बसला होता, अगदी आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखा, आणि त्याच्या शेजारी पिस्टल श्रिम्प खडे ढकलत बीळ साफ करत होता. श्रिम्पला नीट दिसत नाही म्हणे, तो मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवतो आणि माशाने शेपूट हलवली की दोघं आत. मुलगी निळा टँग विसरली. प्राजक्ताताई, समोर खायला घालायला लावलं, खाल्लं त्याने. दोघांचे १९०० झाले, बजेट गेलं. सवय व्हावी म्हणून दीड तास टँकचं पाणी थेंब थेंब देऊन मग सोडले. झाकणाला जाळी लावली.

सोडल्या सोडल्या दोघं दगडाखाली गेले ते अजून बाहेर आलेले नाहीत. टँकमध्ये सध्या फक्त पाणी दिसतंय. हे नॉर्मल आहे का?

संजू_ठाणे:
डॅमसेल घेतला असता तर दिसला असता.