टॅब हातात दिला तेव्हा : पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे अनुभव

लहान मुलांना टॅब किती वेळ द्यावा, याविषयी सल्ला भरपूर मिळतो. पण एखाद्या घरात टॅब आल्यावर मुलात नेमके काय दिसले आणि तो बंद करताना काय निभले, काय निभले नाही, हे फारसे कोणी सविस्तर सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेली मर्यादा बहुतेकांना ठाऊक असते : एक वर्षापर्यंत पडदा अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही शक्यतो नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर १ तास, त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. हा नियम पुन्हा सांगण्याऐवजी मुलाचे वय, टॅब कशासाठी दिला जात होता आणि आपण स्वतः काय पाहिले, एवढे कृपया लिहावे, अशी विनंती आहे.

सुरुवात माझ्यापासून करते. माझा मुलगा आता साडेतीन वर्षांचा आहे. तो १४ महिन्यांचा असताना जेवताना टॅब लावायची सवय लागली. ती त्याला लागली, असे मी पुष्कळ दिवस म्हणत असे. खरे तर ती मला लागली होती, कारण पाऊण तासाचे जेवण १५ मिनिटांत उरकत होते. तो दोन वर्षांचा झाल्यावर एके दिवशी भरवता भरवता मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. घास ओठांशी आला की तोंड उघडत होते, पण डोळे पडद्यावरून हलत नव्हते. मी मध्येच ताटातला पदार्थ बदलला, तरी त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटले नाही. पोट भरले की पूर्वी तो मान फिरवायचा. ते मान फिरवणे केव्हा थांबले हे मला आठवेना, आणि ते थांबल्यामुळे मी ताट रिकामे होईपर्यंत भरवत राहत होते. पुढे काय केले, ते शेवटी लिहीन. आधी इतरांचे वाचावेसे वाटते.

एक आजोबा

माझी नात परदेशात वाढते आहे आणि टॅब नसता, तर तिची माझी ओळखच झाली नसती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड वर्षाखालच्या मुलांना पडदा नको असे सांगताना व्हिडिओ कॉलचा अपवाद केला होता. तो का केला असावा, हे मला तिच्या एका खेळावरून कळले. ती दहा महिन्यांची असताना हातातला लाल चेंडू मला देण्यासाठी पडद्यावर दाबत असे आणि तो पलीकडे जात नाही म्हणून रडकुंडीला येई. मी अगदी तसाच चेंडू आणून ठेवला. तिने चेंडू पडद्याला लावला की तिची आई तो हलकेच काढून टॅबच्या मागे धरी आणि इकडे मी माझा चेंडू वर करी. मग मी तो पडद्याला लावी आणि तिकडे तो तिच्या हाती परत येई. पावणेदोन वर्षांची असताना ती प्रथम भेटली, तेव्हा बराच वेळ आईच्या मागून माझ्याकडे पाहत राहिली, मग सामानातून तो चेंडू शोधून आणला आणि काही न बोलता माझ्या हातात ठेवला. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. सून शेजारी बसलेली असे तेव्हाच हे संभाषण चाले. ती दुसऱ्या खोलीत गेली, की दोन मिनिटांत नातीचे लक्ष उडत असे आणि मी केवळ एक हलणारे चित्र उरत असे.

बोलायला उशीर झालेल्या मुलाची आई

माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा असताना २० पर्यंत आकडे म्हणत असे, सर्व रंग ओळखत असे, इंग्रजी मुळाक्षरेही त्याला येत होती. येणारे-जाणारे कौतुक करत. पण पाणी हवे असले तर तो माझा हात ओढत नेई, हाक मारली तर वळत नसे, आणि एखादी वस्तू सापडली म्हणून ती कधी मला दाखवायला आणत नसे. ‘आई’ हा शब्द त्याने उच्चारलेला नव्हता. टॅब तेव्हा दिवसाला चार तासांहून अधिक चाले.

बालरोगतज्ज्ञांनी प्रथम श्रवणचाचणी करून घेतली. ती व्यवस्थित आली. त्यानंतर आम्ही वाचा-उपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सुरुवातीलाच बजावले की, बोलणे उशिरा येण्याची कारणे अनेक असतात, त्यामुळे सगळा दोष पडद्यावर टाकू नका आणि पडदा बंद केला की आपोआप बोलेल या आशेवर तपासणीही लांबवू नका. हे वाक्य मी येथे मुद्दाम लिहिते आहे, कारण दुसऱ्या चुकीपायी आमचे पाच महिने गेले. त्यांनी एका जुन्या प्रयोगाविषयीही सांगितले. संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना १२ बैठकींमध्ये मँडरिन (चिनी) भाषा ऐकवली. ज्यांच्यासमोर माणूस बसून बोलला, खेळला, ती बाळे त्या भाषेतील ध्वनी वेगळे ओळखू लागली. ज्यांनी तेच सारे चित्रफितीवर पाहिले, त्यांच्यात असा काहीच फरक दिसला नाही. टॅब माझ्या मुलाला शब्द ऐकवत होता, पण त्याच्या उत्तराची वाट पाहत नव्हता.

आम्हाला पहिला अभ्यास दिला तो साबणाच्या फुग्यांचा. फुगे उडवायचे, बाटलीचे झाकण लावायचे, आणि गप्प बसायचे. मला ते गप्प बसणे सर्वांत जड गेले. तिसऱ्या आठवड्यात त्याने बाटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, पुन्हा बाटलीकडे पाहिले आणि ओठांचा चंबू करून ‘फू’ म्हणाला. आज तो चार वर्षांचा आहे आणि छोटी वाक्ये बोलतो. उपचारांचा गुण किती आणि पडदा बंद केल्याचा किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही, कारण आम्ही दोन्ही एकाच वेळी सुरू केले.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलीची आई

वरचा अनुभव वाचून मनापासून आनंद झाला, पण आमची दुसरी बाजूही नोंदली जावी. माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि ती तोंडाने बोलत नाही. टॅबवरील चित्रे दाबून ती आपले म्हणणे मांडते. चित्र दाबले की तो शब्द मोठ्याने ऐकू येतो. हे शिकायला तिला आठ महिने लागले आणि त्या आठ महिन्यांत आम्हीही तिच्याशी बोलताना तीच चित्रे दाबत होतो, कारण समोरचे कोणी ती भाषा वापरत नसेल, तर मूल ती कशी उचलणार? एका रात्री ती दोन तास रडत होती. पूर्वी अशा रात्री आम्ही केवळ अंदाज बांधत असू. त्या रात्री तिने टॅब ओढून घेतला, ‘दुखतं’ दाबले, थोडे थांबून ‘कान’ दाबले. सकाळी डॉक्टरांनी पाहिले, तेव्हा कानात संसर्ग झालेला होता.

तिच्या या टॅबवर एकही खेळ किंवा चित्रफीत नाही. करमणुकीसाठी वेगळा टॅब आहे आणि तो ठरलेल्या वेळीच मिळतो. बोलण्याचा टॅब मात्र शिक्षा म्हणून कधीही काढून घेतला जात नाही. ‘टॅब वाईट, तो ठेवून दे’ असे परके लोक तिच्यासमोर सहज म्हणतात, तेव्हा मला फार लागते. तो तिचा आवाज आहे.

जुळ्या मुलांचे वडील

२०२० साली सारे बंद होते, आम्हा दोघांनाही घरातून पूर्ण वेळ काम करायचे होते, आणि मुले तीन वर्षांची होती. टॅब दिला नसता, तर नोकरी टिकली नसती, त्यामुळे त्या काळाबद्दल मी स्वतःला दोषी मानत नाही. टॅब काढून घेताना मात्र रोज आकांडतांडव होई. वेळ कमी केला, गजर लावून पाहिला, पाच मिनिटे आधी सूचना दिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी लक्षात आले की, एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो आणि आपण नेहमी गोष्टीच्या मध्यावरच टॅब ओढून घेतो. मोठ्या माणसालाही त्याचा राग येईल. मग आपोआप पुढे जाण्याची सोय बंद केली आणि सकाळी तीन भाग उतरवून घेऊन इंटरनेटही बंद करू लागलो. तिसरा भाग संपला की पडदा स्थिर होई आणि मुले स्वतःच ‘संपलं’ म्हणून टॅब आणून देत. पहिले काही दिवस रडारड झाली, नंतर जवळजवळ नाही.

दुसरे एक. मुले चिडली की शांत करण्यासाठी टॅब देणे आम्ही पूर्ण थांबवले. तो तत्क्षणी लागू पडतो, हे खरे. पण रागातून बाहेर यायचे कसे, हे मुलांना त्यातून काहीच कळत नव्हते, आणि चिडले की टॅब मिळतो, हे मात्र पक्के कळले होते.

बालवाडीतील शिक्षिका

मी गेली १७ वर्षे तीन ते पाच वयाच्या मुलांना शिकवते. टॅब पाहणारी मुले अभ्यासात मागे पडतात, असे मी म्हणणार नाही. काहींचा शब्दसंग्रह उत्तम असतो. मला फरक दिसतो तो ठोकळ्यांच्या कोपऱ्यात. पडद्यावरील कोड्यात चुकीचा तुकडा आपोआप मागे सरकतो आणि बरोबर तुकडा जवळ नेला, की जागेवर चिकटतो. लाकडी ठोकळा चुकीचा ठेवला, तर मनोरा कोसळतो, शेजाऱ्याचाही कोसळतो, आणि मग शेजाऱ्याशी बोलावे लागते. मागच्या वर्षी एक मुलगा मनोरा पडला की दर वेळी हात मांडीवर ठेवून थांबून राही, जणू तो पुन्हा आपोआप उभा राहणार आहे. ओरडणे नाही, रडणे नाही, केवळ वाट पाहणे. आम्ही त्याला काही शिकवले नाही; रोज अर्धा तास त्याच कोपऱ्यात एका धडपड्या मुलीशेजारी बसवले. महिन्याभरात तोही तिच्याइतकाच मोठ्याने भांडू आणि बांधू लागला.

सहा वर्षांच्या मुलीचे वडील

मुलीला चष्मा लागला. टॅबमुळेच का, असे विचारल्यावर नेत्रतज्ज्ञांनी आधी आम्हा दोघांच्या चष्म्यांकडे बोट दाखवले आणि मग ती रोज किती वेळ घराबाहेर असते, हे विचारले. जेमतेम २० मिनिटे. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे उघड्यावर नेण्याचा कार्यक्रम राबवला गेला आणि त्यानंतर तेथे अधू दृष्टीच्या मुलांचे वाढते प्रमाण उतरू लागले, हे त्यांनीच सांगितले. त्यामुळे आम्ही टॅबच्या मिनिटांपेक्षा बाहेरचे तास मोजू लागलो, आणि ते वाढल्यावर टॅबची मिनिटे आपोआप घटली.

चार वर्षांच्या मुलीची मावशी

आम्ही दोघी टॅबवर एकत्र चित्रे काढतो. एक रेघ तिची, एक माझी. एवढेच लिहायचे होते.

पुन्हा मी

सर्वांचे मनापासून आभार. आता माझे राहिलेले सांगते. जेवताना टॅब बंद केला, त्या पहिल्या दिवशी मुलाने ताट ढकलून दिले. दुसऱ्या दिवशी दोन घास. डॉक्टरांना विचारून घेतले होते की, वाढ व्यवस्थित असलेले मूल एक-दोन वेळा कमी जेवले, तर घाबरायचे कारण नाही. ते विचारले नसते, तर मी दुसऱ्याच दिवशी हार मानली असती. आम्ही त्याला आमच्याबरोबर जेवायला बसवू लागलो, त्याच्यासमोर छोटे ताट ठेवले आणि भरवणे थांबवले. चौथ्या दिवशी त्याने बोटाने एक शीत उचलले, बराच वेळ पाहिले आणि माझ्या तोंडात घातले. सहाव्या दिवशी निम्मे ताट झाल्यावर त्याने मान फिरवली, आणि मी ताट उचलले.