अनुभव धागा: ऑफिसचा दौरा, घरची सुट्टी आणि ओरिएंटिअरिंगचा नकाशा

नाशिकहून कामासाठी परदेशी जाणारे आपल्यात बरेच आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले, आयटीतले, द्राक्षं निर्यात करणारे. त्यातले काही जण दौऱ्याला चार दिवस जोडून, नकाशा आणि होकायंत्र घेऊन तिथल्या जंगलात धावून येतात, हे मला गेल्या वर्षी कळलं. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. नकाशावर जांभळ्या वर्तुळांनी कंट्रोल, म्हणजे गाठायच्या जागा, दाखवलेले असतात आणि प्रत्यक्ष जागेवर पांढरा-केशरी कापडी झेंडा टांगलेला असतो. ते क्रमाने गाठायचे. वाट कुणी आखून देत नाही, ती आपली आपण शोधायची. पहिली खुली स्पर्धा नॉर्वेत १८९७ साली झाली. मला या खेळाची ओढ लागली ती एका गोष्टीमुळे: या नकाशांवर नावं नसतात. टेकडीचं नाही, ओढ्याचं नाही, गावाचंही नाही. असतो तो फक्त जमिनीचा आकार. दौऱ्यात विमानतळ, हॉटेल आणि मीटिंगची खोली सगळेच बघतात. ज्यांनी जमीन बघितली, त्यांनी लिहा. कुठे चुकलात तेही लिहा.

सातपूरहून

मी मशीनिंगमधला माणूस. एका ट्रायलसाठी स्वीडनला, योटेबोरीला तीन आठवडे होतो. दुसऱ्या आठवड्यात तिथला एक सहकारी म्हणाला, "संध्याकाळी काय करतोस? चल." शहराच्या कडेला देलशो नावाचं तळं आहे आणि त्याच्याभोवती मोठं जंगल. जूनचा महिना, रात्री दहालाही उजेड. त्याने नकाशा हातात दिला, प्रमाण १:१०,०००, म्हणजे एका सेंटीमीटरला शंभर मीटर.

नकाशा बघून मी मनात म्हटलं, पांढरा भाग म्हणजे मोकळं मैदान, हिरवा म्हणजे झाडी. सरळ पांढऱ्यातून जाऊ. पाचव्या मिनिटाला मी पाइनच्या दाट झाडांत उभा होतो आणि मैदान कुठेच नव्हतं. नंतर कळलं की या नकाशात पांढरा रंग म्हणजे धावता येईल असं जंगल. मोकळी जमीन पिवळी असते, आणि हिरवा जितका गडद तितकं आत शिरणं अवघड. आपल्या शाळेच्या ॲटलासमधले रंग डोक्यात ठेवून तिथे चालत नाही. तिसरा कंट्रोल शोधायला मला पन्नास मिनिटं लागली. एका दलदलीत गुडघाभर रुतलो. शेवटी तळ्याचा काठ दिसला तेव्हा नकाशा काठाशी जुळवला, आणि त्या क्षणी जो आनंद झाला तो ट्रायल पास झाली तेव्हाही झाला नव्हता.

पुढे रोज संध्याकाळी गेलो. तिथले क्लब 'नातूरपासेत' नावाचं नकाशाचं पाकीट विकतात. कंट्रोलचे खांब कित्येक महिने जंगलात तसेच उभे असतात, त्यामुळे स्पर्धेची तारीख सांभाळावी लागत नाही. कामाच्या दौऱ्यात हे फार सोयीचं. एक मात्र सांगतो, रात्री अंघोळीच्या वेळी गोचिडी बघा, गुडघ्यामागे आणि काखेत सुद्धा. तिथल्या गोचिडी नुसत्या चावून थांबत नाहीत, आजार देतात. लसीबद्दल जायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. तिथे घेतलेलं होकायंत्र इथे आणलं, तर सुई नीट फिरेना, एका टोकाला खाली टेकायची. उत्तरेकडच्या देशांत पृथ्वीचं चुंबकत्व सुईचं उत्तर टोक जोरात खाली ओढतं, म्हणून बनवणारे दक्षिण टोकाला थोडं वजन देतात. नाशिकला ती ओढ बरीच कमी, मग ते वजनच सुईला खाली पाडतं. विकत घेताना ते कुठल्या पट्ट्यासाठी आहे ते विचारा.

गंगापूर रोडवरून

दादा, तुमचं वाचून माझ्या नवऱ्याचा चेहरा आठवला. त्याचं काम स्टॉकहोमला होतं, जुलैत. मी आणि मुलगा मागून गेलो. मला वाटलं होतं बोटीत बसू, राजवाडा बघू. पण त्याने आधीच ओ-रिंगेनची नावनोंदणी केली होती, आमची तिघांचीही, न विचारता. पाच दिवसांची ही स्पर्धा स्वीडनमध्ये १९६५ पासून भरते आणि हजारो लोक तंबू-कॅरॅव्हॅन घेऊन येतात. पहिल्या दिवशी मी रागात होते, हे खरं सांगते. सुट्टी ही तिघांनी मिळून ठरवायची गोष्ट आहे, आणि ते मी त्याला तिथेच सांगितलं.

पण लहान मुलांसाठी तिथे वेगळी वाट असते. झाडांना बांधलेल्या फितींच्या मागे मागे जायचं, वाटेत चित्रं लावलेले कंट्रोल सापडतात. माझा सात वर्षांचा मुलगा, जो इथे सोसायटीच्या गेटबाहेर एकटा जात नाही, तो पुढे आणि मी मागे. ब्लूबेरीची झुडपं गुडघ्यापर्यंत. तो थांबून खायचा, मग पुन्हा फीत शोधायचा. तिसऱ्या दिवशी शेजारच्या तंबूतल्या ऐंशीच्या घरातल्या आजी त्यांच्या वयोगटात धावून आल्या आणि मला नकाशावर त्यांची चूक दाखवत बसल्या. चौथ्या दिवशी मी स्वतः सोप्या खुल्या गटात उतरले. राजवाडा राहिला. पुढच्या वेळी आधी राजवाडा, असं ठरलंय.

देवळालीहून

मी फौजेत होतो. आमचा नकाशा १:५०,००० चा, एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि रात्रीची चाल. अंतर पावलांनी मोजायचं; माझी शंभर मीटरला चौसष्ट दुहेरी पावलं (एकच पाय मोजायचा), अजून तीच आहेत. निवृत्तीनंतर मुलीकडे स्वित्झर्लंडला गेलो तेव्हा या खेळात पहिल्यांदा उतरलो. साठीपुढचे गट असतात, लाज वाटायचं कारण नाही. जागतिक मास्टर्स स्पर्धा तर पस्तिशीपुढच्यांसाठीच आहे.

तरुणांनी एक लक्षात ठेवा. हे नकाशे चुंबकीय उत्तरेवर काढतात, म्हणून सुई थेट नकाशावर लावता येते. साध्या नकाशावर खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला फरक धरावा लागतो. महाराष्ट्रात तो एका अंशाच्याही आत आहे, म्हणून आपल्या पोरांना त्याची सवय नसते. स्टॉकहोमकडे तो सहा-सात अंश होतो. साधा नकाशा घेऊन जाल आणि हा फरक विसराल, तर एका किलोमीटरला शंभर मीटर बाजूला जाल.

इंदिरानगरहून

माझा अनुभव जंगलाचा नाही, बोळांचा आहे. इटलीत पाडोव्याला ट्रेनिंग होतं, नोव्हेंबरमध्ये, आणि त्याच सुमारास व्हेनिसच्या गल्ल्यांत स्पर्धा असते. कंट्रोल चाळीस मीटरवर दिसतो, पण मध्ये कालवा, आणि पूल तिकडे तीन वळणं सोडून. मी भद्रकालीत वाढले. गोदावरीला पूर आला की रामकुंडाकडून पलीकडे जाता येत नाही, होळकर पुलाला वळसा घालावा लागतो, हे पायांना माहीत होतं. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर आम्ही पुराचा अंदाज घेतो, तिथे चौकात पाणी किती चढेल त्याचा भोंगा वाजतो. २०१४ ची जागतिक स्पर्धेची स्प्रिंट फायनल याच बोळांत झाली होती. माझा नंबर शेवटून तिसरा. पुन्हा जाणार.

पाथर्डी फाट्याहून

व्हिसाचं लिहितो, कारण इथेच लोक अडकतात. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, पण व्हिसावर छापलेले दिवस त्याहून कमी असू शकतात. जोडलेली सुट्टी अर्जातच दाखवा, राहण्याच्या पत्त्यासकट. आमच्या ऑफिसचा विमा कामाच्या तारखांपुरता होता. पुढच्या सहा दिवसांचा मी स्वतः काढला, आणि स्पर्धेत धावणं त्यात बसतं का हे लेखी विचारून घेतलं.

म्हसरूळहून

मी अजून कुठेच गेलो नाही. पण सातपूरच्या दादांचे नकाशे बघून चामरलेणीच्या मागच्या उताराचा नकाशा काढायला बसलोय. चार रविवार झाले. अडचण रंगांची आहे. मे महिन्यात जो उतार पिवळा, तिथे ऑगस्टमध्ये कमरेएवढं गवत. एकच नकाशा चालणार नाही, उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा वेगळा लागेल. घळीतल्या करवंदीच्या जाळ्या मी गडद हिरव्या दाखवल्यात, हातावर ओरखडे आहेत पुरावा म्हणून. आपल्याकडे बिबट्या आहे, म्हणून पहाटेच्या अंधारात कुणाला बोलावणार नाही.

या रविवारी सकाळी साडेसातला पायथ्याशी आहे. फौजी काका, तुमची चौसष्ट पावलं मला हवीत, माझी अंतरं चुकतायत. आणि गंगापूर रोडच्या ताई, मुलाला आणा. खालच्या सपाटीवर झाडांना फिती बांधून ठेवतो. ब्लूबेरी नाही, पण करवंदं पिकलीत.