अंटार्क्टिकातला कोळसा: खंड सरकला की हवामान बदललं?

मंडळी, मदत हवी आहे. भूखंडवहनाबद्दल वाचताना एका जागी अडकलेय.

१९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉट आणि त्याचे सोबती मरण पावले, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड होते. पाय उचलेना तरी टाकले नाहीत! त्यांत ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडाच्या पानांचे ठसे निघाले. हीच झाडं राणीगंज-झरियाच्या कोळशाच्या थरांत, दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेतही सापडतात. म्हणजे हे भूभाग एकत्र होते, इथवर पटतं.

घोळ पुढे आहे. कोळसा म्हणजे उष्ण, दमट जंगल असं जिथेतिथे लिहिलेलं असतं. पण पर्मियन काळाच्या (साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) नकाशात अंटार्क्टिका तेव्हाही ध्रुवापाशीच दिसतं. शिवाय भारतातल्या त्या कोळशाच्या खाली तालचेरचा, हिमनद्यांनी आणलेल्या गोट्यांचा थर आहे. मग कोळशावरून नेमकं ठरवायचं काय? आणि खंड सरकला की सगळ्या पृथ्वीचंच हवामान बदललं, हे कसं ओळखतात?

प्रतिसाद १
कोळसा ओल सांगतो, ऊब नाही. पाणथळ जागी प्राणवायू कमी, त्यामुळे झाडपाला कुजण्याआधीच साचत जातो आणि पीट, म्हणजे कोळशाची पहिली पायरी, तयार होतं. आजही सायबेरिया आणि कॅनडात त्याचे अफाट साठे आहेत.

ऋतू बघायचे तर जीवाश्म लाकूड बघा. युरोप-उत्तर अमेरिकेतला कार्बनी काळातला (पर्मियनच्या आधीच्या काळातला) कोळसा विषुववृत्ताजवळचा. तिथल्या खोडांत वाढीची वलयं सहसा नसतात. अंटार्क्टिकाच्या पर्मियन खोडांत ती ठळक आहेत, कारण उन्हाळाभर उजेड आणि हिवाळ्यात वाढ ठप्प. म्हणजे जंगल ध्रुवाजवळच होतं, फक्त तिथला बर्फ हटला होता. तिथे हवामान खरंच बदललं.

जागा ठरते ती चुंबकत्वावरून. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजांत तेव्हाच्या चुंबकक्षेत्राची दिशा गोठते. ती विषुववृत्तावर आडवी, ध्रुवावर उभी. मधल्या कलावरून अक्षांश निघतो. कोळसा जिथे सापडला तिथला आजचा अक्षांश आणि हा जुना अक्षांश जुळला नाही, तर जमीन सरकली.

धागाकर्ती
वलयांचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता, आभार. पण रेखांशाचं काय?

प्रतिसाद १
तो या कलावरून मिळत नाही, आणि तिथेच तुमचे जीवाश्म पुन्हा कामाला येतात. मेसोसॉरस हा छोटा जलचर सरपटणारा प्राणी फक्त दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात सापडतो. अख्खा अटलांटिक पोहून जाणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून ते दोन किनारे नकाशावर शेजारी ठेवावे लागतात.