मदत हवी आहे: कुंडीतले कंद हिवाळ्यात बाहेर कसे टिकवायचे?

ट्यूलिप-डॅफोडिलचे कंद ३० सेंमीच्या मातीच्या कुंड्यांत लावलेत, शिवाय होस्टाच्या (रुंद पानांचं, सावलीत वाढणारं शोभेचं झाड) दोन कुंड्या आहेत. रात्री पारा उणे १० अंशांपर्यंत उतरतो. घरात जागा नाही, आणि ट्यूलिपला १२-१४ आठवडे गारवा लागतोच, म्हणून सगळं बाहेरच राहणार. गेल्या वर्षी कुंड्यांना गोणपाट गुंडाळलं, वर वाळक्या पानांचा थर दिला. तरी वसंतात उकरलं तर कंद बोटाने दाबताच लिबलिबीत, आंबूस वासाचे; एक कुंडी उभी तडकलेली. फार वाईट वाटलं. माझ्या मते थंडीपेक्षा ओलीनेच घात केला, तळाची भोकं गोठून बुजली होती. यंदा कुंड्या विटांवर, भिंतीलगत ठेवल्यात. आता पाऊस-बर्फ अडवायला वरून झाकू का? झाकलं तर पाणी किती दिवसांनी द्यायचं, की माती गोठलेली असेपर्यंत अजिबात नाही?